अफूची जखम आणि सम्राटाचा नकाशा

२० एप्रिल १९५९ रोजी मुंबईतील चिनी वाणिज्य वकिलातीसमोर समाजवादी कार्यकर्त्यांनी तिबेटच्या प्रश्नावर निदर्शने केली. ल्हासाचा उठाव चिरडला गेल्याला जेमतेम महिना लोटला होता. दलाई लामा ३१ मार्चला भारताच्या हद्दीत पोहोचले होते. निदर्शकांनी वकिलातीच्या भिंतीवर माओंचे चित्र चिकटवले आणि त्यावर टोमॅटो व नासकी अंडी मारली. हे शिष्टाचाराला धरून झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु सात दिवसांनी पेकिंगहून दिल्ली सरकारला जो खलिता आला, तो वाचला म्हणजे त्या टोमॅटोंचे वजन एकदम वाढते. चीनच्या राष्ट्रप्रमुखाचा हा घोर अपमान असून ६५ कोटी चिनी जनता तो मुळीच सहन करणार नाही, समाधानकारक निकाल लागेपर्यंत चीन हा विषय सोडणार नाही, शंभर वर्षे लागली तरी सोडणार नाही, असा त्याचा आशय होता. त्या हिशेबाने ही मुदत २०५९ साली संपेल.

कामगार-शेतकऱ्यांचे राज्य म्हणवणाऱ्या सत्तेला एका छापील चित्राची विटंबना इतकी का झोंबावी? मार्क्सच्या ग्रंथांत याचे उत्तर सापडणार नाही. ते शोधण्यासाठी बरेच मागे, आणि काही अंशी मुंबईच्या गोदीत व साष्टीच्या रस्त्यावरच, जावे लागते.

गलवानच्या खोऱ्यात १५ जून २०२० च्या रात्री वीस भारतीय जवान मारले गेले आणि चिनी मालावरील बहिष्काराची हाक देशभर उठली. मीरा-भाईंदरच्या बाजारात ती ऐकू आली नसती तरच नवल. विजेच्या माळा आणि प्लास्टिकची खेळणी विकणारा हातगाडीवाला हा अशा हाकेचा पहिला आणि बहुधा एकमेव बळी असतो. त्याने उसनवारी करून आणलेला माल देशद्रोह ठरतो. तोच माल न्हावाशेव्याला उतरवून घेणारा आयातदार, त्याला परवानगी देणारे सरकार आणि त्यावर जकात वसूल करणारे खाते मात्र देशभक्तच राहतात. या मंडळींपाशी चीनच्या वर्तनाचा एक सोपा खुलासा तयार असतो : चिनी माणूस जातीचाच दगलबाज. दुसऱ्या बाजूला डाव्या वर्तुळांत एक उलटा खुलासा प्रचलित आहे. चीन हा साम्राज्यशाहीने नाडलेला देश. त्याने अमेरिकेला आव्हान दिले, कोट्यवधी माणसे दारिद्र्यातून वर काढली. तेव्हा सीमेपलीकडच्या त्याच्या वागणुकीकडे काणाडोळा करणे हेच पुरोगामित्व. पहिला खुलासा वंशद्वेषाचा आहे. १९६२ साली याच वंशद्वेषाने सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, त्यांतील कित्येक भारतातच जन्मलेले, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले होते, आणि त्याबद्दल या देशाने आजवर कोणाची क्षमा मागितलेली नाही. दुसरा खुलासा बौद्धिक आळसाचा आहे. चीनच्या परराष्ट्रधोरणाला इतिहास आहे आणि तो तपासता येतो, ही गोष्ट दोन्ही पक्षांना गैरसोयीची वाटते.

जखम खरी आहे, हे सर्वांआधी मान्य केले पाहिजे. आणि मुंबई परिसरातील कार्यकर्त्याने तर ते अधिकच मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शिंदे-होळकरांच्या माळव्यात अफू पिके, बैलांच्या तांड्यांवरून ती किनाऱ्यावर येई आणि मुंबईच्या बंदरातून कँटनला जाई. कंपनी सरकारला डावलून नेलेला माल पोर्तुगीजांच्या दमणहून निघे. पुढे कंपनीने परवाना-शुल्क ठरवून हा ओघ मुंबईकडे वळवला आणि विषाच्या प्रत्येक पेटीवर कर घेतला. चीनमध्ये अफूला कायद्याने बंदी होती. लिन झेशू या अधिकाऱ्याने १८३९ साली कँटन येथे वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, तेव्हा मुक्त व्यापाराच्या पवित्र तत्त्वासाठी इंग्रजांनी युद्ध पुकारले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी ज्या नानकिंगच्या तहाने चीनकडून हाँगकाँग, पाच बंदरे आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर उकळण्यात आले, तो तह 'कॉर्नवॉलिस' नावाच्या युद्धनौकेवर सही झाला. ही नौका १८१३ साली मुंबईच्याच गोदीत, सागवानी लाकडातून, वाडियांच्या कारागिरांनी बांधलेली होती. त्या युद्धात आणि पुढे १८६० मध्ये पेकिंगवर चालून गेलेल्या फौजेत हिंदी शिपाई होतेच.

त्याच १८४२ साली जमशेटजी जिजीभाई यांना इंग्लंडच्या राणीने 'सर' केले. त्यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, म्हणजे कापूस आणि अफू यांची. त्यांच्या दानधर्माने मुंबईला रुग्णालय मिळाले, शाळा मिळाल्या. ते उपकार नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी दिलेल्या १ लाख ५७ हजार रुपयांतून माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा पूल-रस्ता १८४५ साली पुरा झाला, आणि मुंबई बेट साष्टीला पायी जोडले गेले. तेथून उत्तरेस निघणाऱ्या रस्त्याचे जुने नाव घोडबंदर रोड. हा रस्ता ज्या घोडबंदरापाशी खाडीला भिडतो, ते गाव आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. कँटनच्या अफूबाज हमालाचे पैसे या रस्त्याच्या पायात कोठेतरी पडलेले आहेत, हे येथील रहिवाशाने जाणून असलेले बरे. चिनी मुलाला शाळेत शंभर वर्षांच्या नामुष्कीचा धडा शिकवला जातो तेव्हा त्यातली पहिली घटना काही त्याच्या सरकारने रचलेली नसते.

परंतु जखम खरी असणे वेगळे आणि त्या जखमेवर जगणे वेगळे. १९८९ साली तिएनआनमेन चौकात स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर रणगाडे घातल्यानंतर चिनी सत्ताधाऱ्यांना समाजवादाच्या नावाने जनतेसमोर उभे राहणे अवघड झाले, आणि १९९४ पासून देशभक्तीच्या शिक्षणाची मोहीम पद्धतशीर सुरू झाली. तेव्हापासून ही नामुष्की हे राज्यकर्त्यांचे भांडवल आहे. दक्षिण चिनी समुद्रात मच्छीमारांना हुसकावायचे असो की हिमालयात चौकी पुढे सरकवायची असो, प्रत्येक वेळी तीच हुंडी वटवली जाते. वस्तुतः अफू विकली लंडनने आणि मुंबईने. दंड भरला तो ल्हासाने.

ज्याने खरोखर लुटले त्याच्याशी चीन कसा वागला, हे पाहण्यासारखे आहे. भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तन-डोंगरीच्या टेकाडावर, धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी हे ठाणे पोर्तुगीजांकडून घेतले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात समोरची वसई पडली. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. १५५७ च्या सुमारास याच पोर्तुगीजांनी चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथे बस्तान बसवले. वसई आणि मकाव या दोन्हींचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले, मकावचा तर १८४४ पर्यंत. म्हणजे वसईच्या खाडीवरचा कोळी आणि मकावचा होडीवाला हे एकाच धन्याचे प्रजाजन होते. वसई १७३९ मध्ये सुटली. गोव्यात १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली, पुढे सत्याग्रही गोळ्या खाऊन मेले, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मकाव मात्र २० डिसेंबर १९९९ पर्यंत पोर्तुगीज प्रशासनाखाली राहिले.

१९४९ साली विजयी क्रांतिसेना मकावच्या वेशीवर उभी होती. एका दुपारचे काम होते. हाँगकाँगच्या सीमेवरील शेनझेन नदीपाशीही ती अशीच थांबली. जगातील सर्वांत जहाल साम्राज्यशाहीविरोधी म्हणवणाऱ्या राजवटीने दोन युरोपीय वसाहती अर्धशतक अंगणात बाळगल्या, याचे कारण गुप्त नाही : त्या खिडक्यांतून परकीय चलन येत होते. डिसेंबर १९६२ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी यावरून टोमणा मारला, तेव्हा पुढील मार्चमध्ये पेकिंगने उत्तर दिले की हे जुने प्रश्न आहेत, योग्य वेळ येताच वाटाघाटीने सोडवले जातील. रशियाने १८५८ व १८६० च्या तहांनी झारच्या नावावर केलेल्या प्रदेशाचीही आठवण त्यांनी जाता जाता करून दिली. तो प्रदेश दहा लाख चौरस किलोमीटरच्या घरात जातो. व्लादिवोस्तोक त्यातच आहे. त्यावरचा हक्क चीनने मॉस्कोशी १९९१ व २००४ साली केलेल्या सीमाकरारांत मुकाट्याने सोडून दिला. पोर्तुगालच्या १९७४ च्या क्रांतीनंतर लिस्बनने वसाहती सोडायचे ठरवले तेव्हाही मकाव ताबडतोब ताब्यात घेण्याची घाई पेकिंगला नव्हती.

आता याच तराजूत तिबेट ठेवावा. तिबेटने चीनला अफू पाजली नव्हती, तह लादला नव्हता, राजवाडा जाळला नव्हता. त्याच्याकडे आरमार नव्हते, अणुबाँब नव्हता, परकीय चलन मिळवून देणारे बंदर नव्हते. ७ ऑक्टोबर १९५० रोजी चिनी सेनेने चामडोच्या दिशेने नदी ओलांडली, आणि २३ मे १९५१ रोजी सतरा कलमी करारावर तिबेटी प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या गेल्या. येथे वाटाघाटींची योग्य वेळ येण्यासाठी अर्धशतक थांबावे असे कोणाला वाटले नाही. बलवानाशी धीर आणि दुबळ्याची 'मुक्ती', ही चीनच्या परराष्ट्रधोरणाची रीत आहे. तिच्यात चीनचे असे खास काही नाही. जगातल्या सर्व साम्राज्यांची हीच रीत राहिली आहे. फरक एवढाच की येथे ती साम्राज्यशाहीविरोधाच्या भाषेत सांगितली जाते.

ही भाषा आणि हा व्यवहार यांची गाठ कोठे पडली? चीनचा आजचा नकाशा हा प्राचीन हान संस्कृतीचा वारसा आहे, असे बीजिंग सांगते. प्रत्यक्षात तो चिंग घराण्याच्या लष्करी मोहिमांचा वारसा आहे, आणि ते घराणे मांचू, म्हणजे हानांच्या लेखी परकेच. १७२० मध्ये त्यांची फौज ल्हासात शिरली. १७५० च्या दशकात त्यांनी मध्य आशियातला जो विस्तीर्ण मुलूख जिंकला, त्याला पुढे 'नवी सीमा' असेच नाव पडले, शिंजियांग. या साम्राज्याला शेजारी नव्हते. मांडलिक होते, आणि मांडलिक न झालेले रानटी. १७९३ साली इंग्रज वकील मॅकार्टनी व्यापाराची सवलत मागायला आला, तेव्हा सम्राटापुढे जमिनीला कपाळ टेकवायचे की नाही यावर आठवडेच्या आठवडे घासाघीस चालली होती. त्या दरबारी रिवाजात सम्राट समोर नसला तरी त्याच्या नावाच्या पाटीपुढे, त्याच्या आज्ञापत्रापुढेही साष्टांग घालावे लागे. १९५९ च्या खलित्यातील शंभर वर्षांचा संताप कोठून आला, हे आता कळण्यास हरकत नाही. टोमॅटो पक्षाच्या अध्यक्षाच्या चित्रावर पडले. घायाळ झाला तो स्वर्गपुत्र.

त्याच १७९३ साली त्याच सम्राटाने तिबेटसाठी एक फर्मान काढले : मोठ्या लामांचा नवा अवतार कोणता, हे सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून ठरवावे. दलाई लामांनी २ जुलै २०२५ रोजी, नव्वदाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, ही परंपरा पुढे चालू राहील आणि पुढचा अवतार शोधण्याचा अधिकार त्यांच्याच न्यासाचा असेल, असे जाहीर केले. बीजिंगने तात्काळ बजावले की निवड सोन्याच्या कलशातून आणि केंद्र सरकारच्या मान्यतेनेच होईल. २००७ सालीच अवतारांना सरकारी परवानगी सक्तीची करणारा नियम तेथे झालेला आहे. देव, धर्म, पुनर्जन्म यांपैकी काहीही न मानणारा पक्ष पुनर्जन्माचे परवाने देतो, आणि त्यासाठी दाखला काढतो तो मार्क्सचा नव्हे, लेनिनचा नव्हे, एका मांचू बादशहाच्या फर्मानाचा. १९९५ साली दलाई लामांनी पंचेन लामा म्हणून मान्यता दिलेला सहा वर्षांचा मुलगा चिनी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतला. तो त्यानंतर कोणाच्या दृष्टीस पडलेला नाही.

हे अटळ मुळीच नव्हते, आणि समाजवाद्यांनी नेमके यावर बोट ठेवले पाहिजे. माओ आणि त्यांचे सहकारी जिआंग्शीच्या डोंगरात होते तेव्हा, १९३१ साली, त्यांनी आपल्या सोव्हिएत गणराज्याची जी राज्यघटना केली, तिच्यात मंगोल, तिबेटी आदी लोकांना स्वयंनिर्णयाचा, इतकेच नव्हे तर फुटून निघण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला होता. चँग कै-शेकना असला हक्क मान्य नव्हता. चिंगांचा नकाशा म्हणजेच चीन, ही त्यांची भूमिका. १९४९ साली कम्युनिस्टांनी चँगचा पराभव केला आणि चँगचा नकाशा जसाच्या तसा उचलला. फुटून निघण्याच्या हक्काचे कलम पुढे पुन्हा दिसले नाही. सत्ता हाती येताच जो पक्ष आपल्या घटनेतील सर्वांत समाजवादी कलम गाळतो, त्याच्या परराष्ट्रधोरणाला क्रांतीचा वारसा म्हणणे हा क्रांतीचा अवमान आहे.

पुढची यादी लांब आहे, तिच्यातील थोडे पुरे. १९७१ मध्ये पूर्व बंगालात कत्तल चालू असता पेकिंग याह्याखानाच्या पाठीशी उभे राहिले, आणि संयुक्त राष्ट्रसंघात बसायला मिळालेल्या जागेवरून त्याने २५ ऑगस्ट १९७२ रोजी नकाराधिकार वापरला तो बांगलादेशाचा प्रवेश अडवण्यासाठी. १९७३ मध्ये चिलीत लष्करी उठावात आयेंदे यांचा अंत झाला. पिनोचेच्या राजवटीशी पेकिंगने संबंध सुखेनैव चालू ठेवले. १७ फेब्रुवारी १९७९ रोजी, जनता सरकारचे परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनच्या दौऱ्यावर असतानाच, व्हिएतनामला 'धडा शिकवण्यासाठी' चिनी फौजा घुसल्या. धडा शिकवणे हा शब्दप्रयोग बंधुपक्षांचा नाही. मालक तो नोकराबद्दल वापरतो.

मग कोटणिसांचे काय, असा प्रश्न हमखास येतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. जखमी सैनिकांवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणिसांनी हेबे प्रांतातील खेड्यात देह ठेवला. चिनी नेते भारतात आले की त्यांच्या कुटुंबीयांची भेट हा कार्यक्रमपत्रिकेतला ठरलेला विधी असे. हा सन्मान कृत्रिम म्हणण्याचे कारण नाही. चिनी जनतेच्या मनात या माणसाविषयी खरे प्रेम आहे. पण कोटणीस गेले कशासाठी? एक बलाढ्य सैन्य शेजारच्या देशात घुसले होते, आणि आपण त्या देशाला मागासलेपणातून मुक्त करीत आहोत असे जपानी सेनापती सांगत होते. कोटणीस त्या दाव्याविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहताना १९५० च्या चामडोची आठवण निघू नये, ही अपेक्षा बीजिंगची असेल. महाराष्ट्राने ती पाळण्याचे कारण नाही.

या देशातील समाजवाद्यांनी ती पाळली नव्हती. नोव्हेंबर १९५० मध्ये तिबेटचा अर्ज संयुक्त राष्ट्रसंघापुढे आला तेव्हा त्याची चर्चा लांबणीवर टाकण्यास स्वतंत्र भारताच्या प्रतिनिधीनेच हातभार लावला. त्या काळात लोहिया तिबेटवरील आक्रमणाला शिशुहत्या म्हणत होते. २९ एप्रिल १९५४ रोजी पंचशीलाची सनई वाजू लागली. तो करार एका प्राचीन राष्ट्राच्या विनाशावर मोहोर उठवून जन्माला आला आहे, असे आचार्य कृपलानींनी लोकसभेत सुनावले. जयप्रकाशांच्या पुढाकाराने १९६० साली दिल्लीत तिबेटसाठी आशिया-आफ्रिकेची परिषद भरली. यांपैकी कोणीही चिनी माणसाचा द्वेष केला नाही, आणि तिबेटचा प्रश्न सीमेवरच्या चौक्यांपुरता मोजला नाही. नेहरूंना प्रश्न दिसला तो सीमेवर गोळी झाडली गेल्यावर. समाजवाद्यांना तो नऊ वर्षे आधी, दुसऱ्याच्या घरावर दरोडा पडला तेव्हा दिसला होता.

अर्थात, ज्याने दुसऱ्याचा नकाशा तपासायचा त्याने स्वतःचाही उलगडून ठेवावा. मॅकमहोन रेषा १९१४ साली सिमल्यात एका इंग्रज अधिकाऱ्याने आखली. चीनने तिला संमती दिली नव्हती. अक्साई चीनच्या बाजूची सीमा भारतीय नकाशांवर १९५४ पर्यंत 'अनिश्चित' म्हणून दाखवली जात असे. मग ती एका सरकारी आदेशाने निश्चित झाली. म्हणजे दिल्लीनेही एका साम्राज्याचा नकाशाच वारशाने घेतला आहे. म्हणून अरुणाचल सोडून द्यावे असे मुळीच नाही. वारशाने आलेली रेषा वैध होते ती तिच्या आत राहणाऱ्यांच्या संमतीने, आणि तवांगची जनता मतपेटीपाशी जाते, ल्हासाच्या जनतेला १९५१ पासून एकदाही विचारलेले नाही, हा दोन्हींतला खरा फरक आहे. मात्र ही कसोटी हाती घ्यायची तर ती कोहिमात आणि श्रीनगरातही चालवावी लागेल. तेथे पोहोचताच ज्याची जीभ अडखळते, त्याने तिबेटवर व्याख्याने देऊ नयेत.

आणि आता पुन्हा भाईंदर. पूर्वेकडच्या गाळ्यागाळ्यांतून स्टेनलेस स्टीलची भांडी घडतात. कारागीर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानकडचा. पट्टी कापणे, दाब देणे, पॉलिश मारणे हे काम तो धुळीत नाक बुडवून करतो. या धंद्याच्या नशिबाशी चीन थेट बांधलेला आहे. चिनी स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला तेथील सरकारचे अनुदान मिळते म्हणून भारताने सप्टेंबर २०१७ मध्ये त्यावर जादा शुल्क बसवले, पाच वर्षांसाठी. ते उठवले गेले फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात. गलवानला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. लहान कारखानदाराला कच्चा माल स्वस्त मिळावा, हे कारण दिले गेले आणि ते अगदीच खोटे नव्हते. भाईंदरच्या गाळेवाल्याला स्वस्त पट्टी हवीच असते. प्रश्न असा की हातगाडीवाल्याच्या माळा फोडणारी देशभक्ती त्या फेब्रुवारीत कोठे गेली होती? २०२४-२५ या वर्षात भारताने चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि १४ अब्ज डॉलरचा विकला. ९९ अब्जांची ही तूट मीरा रोडच्या पदपथावर तयार झालेली नाही. औषधांचा कच्चा माल, विजेची यंत्रे, टेलिफोनचे सुटे भाग देशात घडवण्याचे ज्यांनी तीस वर्षे टाळले त्यांच्या कार्यालयांत ती तयार झाली. पॉलिश मारणाऱ्या कारागिराला ना स्वस्त पट्टीतला वाटा मिळाला, ना महागड्या देशभक्तीतला.

चीनला उत्तर द्यायचे ते या दोन ठिकाणी : गाळ्यात, आणि तिबेटच्या प्रश्नावर उघड बोलण्यात. दुसऱ्या ठिकाणी दिल्लीची स्थिती काय आहे? दलाई लामांच्या निर्वासनाला साठावे वर्ष लागले तेव्हा, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तिबेटी लोकांनी भारताचे आभार मानण्यासाठी दिल्लीत योजलेल्या समारंभांना नेत्यांनी व वरिष्ठ अधिकाऱ्यांनी जाऊ नये, असे मंत्रिमंडळ सचिवांनी कळवले. काळ नाजूक आहे, हे कारण. समारंभ धरमशालेला हलवावा लागला. पुढल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शी जिनपिंग मामल्लपुरमला आले, त्याआधीच चेन्नई परिसरातील तिबेटी विद्यार्थी व कार्यकर्ते पोलिसांनी उचलून ठेवले. पाहुण्याच्या नजरेस काळा झेंडाही पडू नये, याची काळजी चिनी पोलिसांनी नव्हे, भारताच्या पोलिसांनी घेतली.

१९५९ च्या त्या खलित्याला दिल्लीने तीनच दिवसांत उत्तर दिले होते. माओंच्या चित्राशी झालेल्या असभ्य वर्तनाबद्दल त्यात खेद होता. पण भारतात शांततेने निघालेल्या मिरवणुकीला कायद्याने बंदी करता येत नाही, आणि खुद्द महात्मा गांधींच्या व पंतप्रधानांच्या चित्रांचीही अशी अवहेलना या देशात झालेली आहे, हेही नेहरूंच्या सरकारने त्यात लिहून पाठवले होते.